कागदावर नसलेली किडनी

३ फेब्रुवारी

बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. फाडायचं तर फाड, पण आधी हे पान वाच. फोन तू उचलत नाहीस. माझा नंबरच अडवून टाकलायस, असं साहेबानं सांगितलं. साहेब म्हणजे तुझा भाचा, तूच ठेवलेलं नाव अजून चालू आहे, आणि आता तेरा वर्षांचा झाल्यावर ते त्याला जास्तच शोभतं. पत्ता मामीकडून काढला. तिला मी थाप मारली की तुझी हरकत नाही. तिच्यावर डाफरू नकोस.

काम असं आहे. आमच्या कारखान्यानं विम्याची कंपनी बदलली. कॅन्टीनमध्ये एक बाई टेबल टाकून बसते, तिच्यापुढे दोन गठ्ठे, पिवळा फॉर्म आणि निळा फॉर्म. दोन्हींतला एक निवडायचा, सगळ्या घरासाठी मिळून एकच, अठ्ठावीस तारखेच्या आत. पिवळा स्वस्त आहे. कोणी काही विचारत नाही, तपासत नाही, पण आधीपासून ज्याला जो आजार असेल त्याला तीन वर्षं एक पैसा मिळत नाही. निळा महाग आहे, पण पहिल्या दिवसापासून सगळं देतात. फक्त घरातल्या मोठ्या माणसांची तपासणी करतात, पोटाची सोनोग्राफीसुद्धा, आणि जुन्या कंपनीकडचे आमचे सगळे कागद मागवून समोर ठेवतात. काही खोटं निघालं तर अख्ख्या घराचा विमा बाद.

आता तुझ्या लक्षात आलं असेल मी का लिहितेय.

तुला एक माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी साहेबाला साखरेचा आजार निघाला. गोड खाऊन होतो तो नाही, पोरांना होतो तो. रोज चार वेळा सुई. गेल्या वर्षात दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं, एकदा तर मला ओळखत नव्हता. त्याच्यासाठी निळा फॉर्म हवा, यात विचार करण्यासारखं काही नाही. आणि निळा भरायचा तर मला त्या टेबलावर आडवं व्हावं लागणार, आणि माझ्या कागदावर काय लिहिलंय ते तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. यांनासुद्धा नाही. हे तेव्हा बाहेरगावी लिफ्ट बसवायच्या कामावर होते. तुझं ऑपरेशन झालं एवढंच त्यांना कळलं, कोणाच्या नावावर झालं ते मी कधी बोलले नाही.

अकरा वर्षं झाली. तुला नोकरी नव्हती, खडा अडकून किडनी कामातून गेली होती, आणि माझ्या कारखान्याच्या कार्डावर तेव्हा फोटो नसायचा. खिडकीवर नाव विचारलं तर माझं सांग, वय माझं सांग, एवढंच मी तुला शिकवलं होतं. तू घाबरून नवऱ्याचं नावसुद्धा माझ्या नवऱ्याचं सांगितलंस आणि परत येऊन हसत बसलीस. तर कागदावर डावी किडनी माझी काढलेली आहे. आणि पोटात माझ्या दोन्ही आहेत.

मला दिवसभर काय काम असतं ते तुला माहीत आहे. औषधाच्या खोक्यावर जे छापलंय तेच औषध आत जाणार ना, ते बघायचं. त्याचा मला पगार देतात.

तू डोक्यानं माझ्यापेक्षा शांत आहेस. सांग, काय करू. पिवळा की निळा.

ताई


१० फेब्रुवारी

बारके,

उत्तर नाही. मी तरी कोणत्या तोंडानं अपेक्षा करावी. तरी रोज घरी आले की आधी दाराच्या फटीतून आत पडलेलं टपाल बघते.

इकडे घरात सगळ्यांनी निळा ठरवून टाकलाय. हे जेवताना म्हणाले, "फॉर्म दिलास का?" मी म्हटलं, देते, अजून दिवस आहेत. म्हणाले, "दिवस कशाला मोजतेस, सही करायला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, महाग आहे. तर त्यांनी घास तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "पोराच्या बाबतीत तू महाग म्हणतेस?" मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी उठून पाणी आणायला गेले. पाणी समोर ताटाशीच होतं.

खरी भीती त्यानंतरची आहे. साहेबानं ते बोलणं ऐकलं. काल त्याचं दप्तर आवरताना सुयांची डबी उघडली तर वापरलेल्या सुया परत टोपण लावून नीट ठेवलेल्या. मी विचारलं तर म्हणतो, एक सुई तीनदा चालते, मी बघितलंय. औषध किती घेतोस विचारलं तर खाली बघायला लागला. दोन दिवस तो कमी औषध घेत होता. जेवणसुद्धा त्यासाठी कमी करत होता, आणि मी आपली खूश, पोरगं शहाण्यासारखं जेवतंय म्हणून. वर मलाच समजावतो, "आई, पिवळा घेतलास तरी चालेल, मी जमवतो." मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग मोरीत जाऊन रडले.

तर पिवळ्याचा विषय संपला. हे मी तुला एवढ्यासाठी सांगतेय की तुला वाटू नये मी नोकरीसाठी मरतेय. नोकरी आहेच. पण माझी चोरी पकडली गेली तर निळ्यातून पोरगंही बाहेर जाईल, कारण फॉर्म माझ्या नोकरीवर आहे. आणि ते मागचंही उकरून काढतील. तेव्हा पलंगावर कोण होतं, असं विचारतील. तू आता शाळेत शिकवतेस. तुझ्यावर बालंट यायला नको.

विमेवालीला मी आडून आडून विचारलं. म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीच्या कागदात चूक झालीय, एक अवयव कमी लिहिलाय. ती बाई बिचारी चांगली आहे. हसून म्हणाली, "जास्त लिहिला असता तर पंचाईत होती, कमी आहे ना, मग सापडला म्हणायचं." टेबलाभोवतीच्या सगळ्या हसल्या. मीही हसले.

तपासणी चोवीस तारखेला आहे. हे पत्र टेबलाशी न बसता उभ्यानंच लिहितेय. बसलं की कंबरेत कळ येते. काही नाही, दिवसभर वाकून असते त्यानं.

ताई


१४ फेब्रुवारी

बारके,

ते कंबरेचं दुखणं नव्हतं.

हे तुला लिहायचं नव्हतं, पण सांगायला दुसरं कोण आहे. महिनाभर डाव्या बाजूला दुखतंय. त्यात गेल्या आठवड्यात लघवीतून रक्त गेलं. एकदा गेलं, मी म्हटलं, उष्णता असेल. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या नेहमीच्या दवाखान्यात जाता येईना, तिथे माझी फाइल उघडली की पहिल्याच पानावर डावी काढलेली. दुखणारी बाजू माझ्याकडे नाहीच, मग दुखतंय काय? या विचारानं मला बसमध्ये एकटीलाच हसू फुटलं आणि शेजारची बाई सरकून बसली.

शेवटी दोन बस बदलून लांबच्या एका दवाखान्यात गेले, रोख पैसे देऊन. खिडकीवरच्या मुलीनं नाव विचारलं. बारके, शपथेवर सांगते, मी काही ठरवून गेले नव्हते. माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. तुझं नाव, तुझं वय, तुझं आडनाव. तिनं ते लिहिलंसुद्धा.

आतली डॉक्टरीण तरुण होती. पोटावर ते गार लावून यंत्र फिरवत बसली, डाव्या बाजूला येऊन थांबली, पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबली. मी छताकडे बघत होते. छताला ओलीचा एक डाग होता, तो मी अजून काढून दाखवू शकेन. मग ती म्हणाली, "बरोबर कोण आलंय?" कोणी बरोबर आलंय का असं जेव्हा डॉक्टर विचारतात तेव्हा काय असतं ते मी तुला वेगळं सांगायला नको.

गाठ आहे. डाव्या किडनीत. पसरली नसावी असं ती म्हणाली, पण ठेवता येणार नाही, किडनीसकट काढावी लागेल, आणि महिन्याभरात काढावी. उजवी चांगली आहे. एकीवर माणूस जगतं, असं ती मला समजावत होती. मी मान हलवत होते. मला ते माहीत आहे, तू जगतेसच की.

आता पुढचं लिहिताना हात थांबतोय, पण लिहिते. कागदावर माझी एकच किडनी आहे आणि तुझ्या दोन. पोटात माझ्या दोन आहेत आणि तुझ्या एक. ही माझी डावी तुझ्या नावावर निघाली तर दोघींचे कागद खरे होतील. मग मला कोणी कितीही तपासू दे. फॉर्म वेळेत दिला की चोवीसची तपासणी ताप आला म्हणून दोन आठवडे पुढे ढकलता येते, मी विचारून ठेवलंय. मामी सांगत होती, तुझ्या शाळेच्या विम्यात मोठं ऑपरेशनसुद्धा बसतं. कार्डावर फोटो आहे हे खरं, पण लोक आपल्याला कायम जुळ्या समजायचे, आणि आजारी माणसाचं तोंड कोण निरखून बघतं. तुझ्या गावी मला कोणी ओळखत नाही.

मी मागत नाही. नुसतं सुचलं ते लिहिलं.

खोटं कशाला बोलू. मागतेय. मला फार भीती वाटते, बारके. कारखान्यात खोकी मोजताना आकडा विसरते. साहेब शाळेतून यायला पाच मिनिटं उशीर झाला तर मला वाटतं तो रस्त्यात पडलाय आणि त्याला उचलायला मी नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

बारके,

तुझं पाकीट आज दुपारी मिळालं. तुझं विम्याचं कार्ड आणि एवढीशी चिठ्ठी. "ताई, ये. उशीर करू नकोस. शाळेत मी सुट्टी टाकते आणि घरातच बसते, म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी दिसायला नको." बस. एक प्रश्न नाही, एक टोमणा नाही. तीन वर्षांत पहिलं अक्षर आणि ते असं.

मी हे कार्ड परत पाठवतेय. का ते सांगितलं नाही तर मी माणसात जमा नाही.

तीन वर्षांपूर्वी, तुला सातवा महिना चालू असताना, तू मला दवाखान्यातून फोन केला होतास. अंगावर सूज होती, डॉक्टर विचारत होते, आधीच्या ऑपरेशनच्या वेळी कुठलं औषध बाधलं होतं का. तुला अंधुक आठवत होतं की काहीतरी झालं होतं. कुठल्या इंजेक्शननं ते आठवत नव्हतं. तू म्हणालीस, "ताई, फाइल तुझ्याकडे आहे ना, त्यात असेल, फक्त वाचून दाखव." मी म्हटलं, घर बदलताना रद्दीत गेली.

फाइल रद्दीत गेली नव्हती. माझ्या कपाटात होती, साड्यांच्या खालच्या कप्प्यात. तू बोलत होतीस तेव्हा मी त्याच कपाटाला टेकून उभी होते.

तुझ्या डॉक्टरांना नुसती ओळ वाचून दाखवून भागणार नाही, ते फाइल मागवतील, तिच्यावर माझं नाव आहे, मग विचारतील हे कसं, मग कारखान्यापर्यंत जाईल. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. त्या आठवड्यात आमच्याकडे दोन बायकांना काढून टाकलं होतं. मी घाबरले. एवढंच कारण आहे, दुसरं काहीही मोठं नाही. तू फोन ठेवल्यावर मी फाइल काढून ओळ वाचली. चौथ्या पानावर आहे, नर्सनं लाल शाईनं लिहिलेली, इंजेक्शनचं नाव आणि पुढे "पुन्हा देऊ नये". वाचून मी फाइल परत आत ठेवली. तुला उलटा फोन करायला मला दोन मिनिटं लागली असती.

तिसऱ्या दिवशी मामीचा फोन आला की बाळ राहिलं नाही. मी आले नाही. तू समजलीस की ताईला रजा मिळाली नाही, किंवा ताईचं काळीज दगडाचं आहे. मला तुझ्यासमोर उभं राहता येत नव्हतं.

तुला त्या दिवशी कुठलं इंजेक्शन दिलं ते मी कधी विचारलं नाही. तेच असेल किंवा नसेलही. बाळ कशानंही गेलं असेल. गेली तीन वर्षं मी स्वतःला हेच सांगतेय की नसेलच. तुझ्याकडे त्या दवाखान्याचे कागद असतील. फाइल सोबत बांधून पाठवतेय, तू ताडून बघ. तुला कळायला हवं होतं, आणि ते दाबून ठेवण्याचा मला काही हक्क नव्हता.

फाइल मागितलीस तेव्हा मी नाही म्हटलं, आणि मी मागितलं तेव्हा तू कार्ड पाठवून दिलंस. ते कार्ड हातात घेऊन मी तुझ्या नावानं आत गेले तर ऑपरेशनच्या टेबलावरून उठू नये असंच मला वाटेल.

माफी मागत नाही. ती मागण्याइतकं सोपं हे नाही.

तुझी बहीण


२७ फेब्रुवारी

बारके,

फाइल पोहोचली का, ते कळलं नाही. पोहोचली असेल असं धरून लिहिते.

मी तपासणीला गेले. ताप आला म्हणून काही सांगितलं नाही. यंत्र लावायच्या आधीच तिथल्या डॉक्टरांना म्हटलं, थांबा, माझ्या कागदावर लिहिलंय ते खोटं आहे. डावी आहे, कायम होती, आणि तिच्यात गाठ आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग कारखान्याच्या ऑफिसात नेलं. तिथे मोठे साहेब, कारकून आणि विमेवाली. तुझं नाव मी घेतलं नाही. नातेवाईक होती, एवढंच म्हटलं. कारकुनानं तीनदा विचारलं, मी तीनदा तेच म्हटलं. सांगताना माझ्या दातांवर दात आपटत होते, इतकी मी थरथरत होते, आणि विमेवालीनं उठून माझ्यासाठी पंखा बंद केला. तिला वाटलं थंडी वाजतेय.

निकाल असा आहे. माझा विमा बाद. जुन्या कंपनीला तेव्हाचे पैसे परत हवेत, ते पगारातून जातील, जर पगार राहिला तर. नोकरीचं सोमवारी ठरेल. साहेबाचं मात्र जमतंय. विमेवालीनंच वाट काढली. हे ज्या लिफ्टच्या कंपनीत आहेत तिथे तोच निळा फॉर्म आहे, जरा जास्त महाग, आणि यांच्या कागदात काही काळंबेरं नाही. उद्या हे सही करतील. पोराला पहिल्या दिवसापासून सगळं मिळेल. हे ऐकलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग आठवलं की त्या फॉर्मवर बाकी कोणीही असलं तरी मी नसेन.

यांना मी घरी येऊन सगळं सांगितलं, तुझ्या बाळाचंसुद्धा. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तेव्हाच तिच्या ऑपरेशनचं सांगितलं असतंस तर मी भांडलो असतो आणि विसरलो असतो. पण फाइलचं कसं काय लपवलंस गं?" त्यांनी माझ्यासाठी गादी खिडकीपाशी घातली, तिथे उजेड येतो म्हणून. साहेब माझ्यावर रोज ओरडतो, पाणी पी, उचलू नकोस, बस. सुया नव्या वापरतो. मी मोजून बघते.

मला सरकारी दवाखान्यात ठेवणार आहेत. नऊ मार्च. मोठी खोली, दोन्ही बाजूंना बायका, मधे पडदेही नाहीत. नाव विचारलं तेव्हा मी माझं सांगितलं, आणि ते बोलताना मला कोणा दुसरीचं नाव सांगतेय असं वाटलं, एवढी सवय मोडली होती. भीती गेलेली नाही. ऑपरेशनची वाटतेच, पण मला त्याहून जास्त तुझी वाटते. फाइल वाचून झाल्यावर तू काय ठरवलंस, त्याची.

दाखल व्हायच्या फॉर्मवर एक सही लागते, जवळच्या नातेवाईकाची. काही बरंवाईट झालं तर कोणाला बोलवायचं, त्या माणसाची. हे करायला तयार आहेत, पेन काढून बसले होते. मी म्हटलं, राहू दे, तिथे गेल्यावर करू.

सकाळी आठला आत घेतात. साडेसातपर्यंत मी ती जागा कोरी ठेवणार आहे.

ताई